परीस आणि ऐरण

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की त्यातील पदार्थांना दाद देणारे पुष्कळ भेटतात. ते पदार्थ ज्या साधनांनी सिद्ध झाले त्यांची आठवण करणारा विरळा. ओले खोबरे खवले ते विळीवर, शेव तेलातून काढली ती झाऱ्याने, तापलेले पातेले चुलीवरून उतरविले ते सांडशीने. पणती कुंभाराची, हे घरातले शेंडेफळही सांगेल. पण विळीचे पाते, झारा, उलथणे आणि सांडशी कोणाची, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज या वस्तू कारखान्यातून येतात, हे खरे. परंतु दोन-तीन पिढ्यांमागे गावातल्या घराघरांतील हे सारे सामान एकाच ठिकाणाहून येई. आणि नांगराचे फाळ, कुळवाच्या पासा, खुरपी, विळे, कुऱ्हाडी हेही तेथूनच येत. ते ठिकाण म्हणजे लोहाराची साळ.

या साळेचे, आणि तिला लागून असलेल्या घराचे, मराठी वाङ्मयात काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साळ आणि घर असे मुद्दाम म्हणतो. कारण ठिणग्या, घाम आणि घणाचे घाव यांचे वर्णन करणारे लेखन आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. नाही ते घर. भाता ओढणारी बायको, सांडस धरायला शिकणारा मुलगा, साळेमागचा गोठा आणि गावाबाहेरचे दोन-चार एकरांचे कोरडवाहू रान, हे सर्व मिळून लोहाराचा संसार होतो. तो संसार आपल्या साहित्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिला आहे, अशी माझी समजूत आहे. आणि तो का राहिला याचे कारण आपल्या काव्यदृष्टीतच कोठेतरी दडलेले आहे असे मला वाटते.

विषय हवेत राहू नये म्हणून त्याला एक मुक्काम देऊ. तो मुक्काम धाराशिव जिल्ह्याचा. बालाघाटाच्या रांगा, काळी-तांबडी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि ज्वारीची भाकरी असा हा मुलूख. निझामाच्या राज्यात त्याच्या मुख्य गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावरही ते टिकले, आणि २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. या जिल्ह्यात उमरग्याच्या शेजारी लोहारा नावाचा एक तालुकाच आहे. या नावाची व्युत्पत्ती पंडितांनी खुशाल शोधावी. ते ऐकताच कानात घण वाजतो एवढे खरे.

याच जिल्ह्यात परंड्याचा किल्ला आहे. विजापूरच्या बुरुजावरची सुप्रसिद्ध मुलुखमैदान तोफ एके काळी या परंड्यास होती. १५४९ साली ती अहमदनगरास ओतली गेली, आणि ओतणाऱ्याचे, महंमद बिन हसन रूमी याचे, नाव तिच्या अंगावर कोरलेले आहे. पावणेपाचशे वर्षांनंतरही आपण त्या कारागिराला नावाने ओळखतो. परंड्याच्या पंचक्रोशीत तेव्हा नांगराचे फाळ घडविणारेही कोणी असतीलच. त्यांची तोफ नव्हती, फाळ होते. ते जमिनीत झिजले आणि त्यांच्याबरोबर नावेही झिजली. इतिहास तोफेला कर्ता देतो, फाळाला देत नाही. इतिहासाची ही रीत आपण जाणून आहोत. पण साहित्याकडून माणसाची अपेक्षा वेगळी असते. इतिहासाने ज्यांना वगळले त्यांना ओळख देणे, हे तर त्याचे काम.

आणि या बाबतीत मराठी साहित्याची सुरुवात तर किती उदार झाली! धाराशिवपासून थोड्याच अंतरावर तेर आहे. प्राचीन काळी तगर नावाने परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले हे गाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. गोरा कुंभार चिखल तुडवीत असता भजनात इतका रंगला की पायाखाली आलेले आपले मूल त्याला दिसले नाही, ही कथा आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. संतमेळ्यात कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे त्याने थापटण्याने पाहिले, ही कथाही तशीच. कुंभाराच्या हातातले साधे थापटणे अध्यात्माची कसोटी झाले! सावता माळ्याने मळ्यात विठ्ठल पाहिला, नरहरी सोनाराने आपल्या धंद्याची भाषा भक्तीला दिली, सेना न्हाव्याने आरसा दाखविला, नामदेव शिंपी आणि चोखामेळा यांनी तर वाङ्मयाला एक एक दालनच उघडून दिले. कारागिराच्या हत्यारांतून परमार्थ बोलावा, असा हा विलक्षण काळ.

या मांदियाळीत लोहार मात्र दिसत नाही. वारकरी संतांची जी नावे महाराष्ट्रात घरोघरी उच्चारली जातात त्यांत कुंभार आहे, माळी आहे, सोनार आहे, शिंपी आहे, न्हावी आहे. लोहाराचे नाव नाही. ही केवळ योगायोगाची गोष्ट मानता येईल. संत कोणत्या जातीत जन्मावा याचा काही ठराव होत नाही. पण संतवाङ्मयात लोहार नसला तरी लोखंड आहे, आणि ते ज्या रीतीने आहे ती रीत विचार करण्याजोगी आहे.

ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत लोखंडाची आठवण वारंवार होते ती परिसाच्या संगतीत. परिसाचा स्पर्श झाला की लोखंडाचे सोने होते. तसा संतांच्या संगतीने पामर जीव उद्धरतो. दृष्टांत सुंदर आहे, आणि त्याच्यामागील आश्वासन त्याहून सुंदर आहे: कोणीही हीन नाही, कोणाचेही सोने होऊ शकते. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात ऐरण आणि घण हीही येतात. पण ती हिऱ्याची परीक्षा घेण्यापुरती. जो घणाखाली फुटत नाही तो खरा हिरा. एकंदरीत, लोखंडाची धन्यता सोने होण्यात आणि ऐरणीची धन्यता हिऱ्याला जोखण्यात.

संतांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांना प्रपंचाच्या पलीकडचे काही सांगावयाचे होते आणि त्यासाठी हा दृष्टांत चोख आहे. दोष असलाच तर आपला. दृष्टांताचा अर्थ विसरून आपण त्याची रुची तेवढी उचलली. लोखंड म्हणजे सोने होण्याची वाट पाहणारी वस्तू, ही समजूत आपल्या काव्यदृष्टीत मुरली. लोहाराच्या अंगणात उभे राहून पाहिले तर हिशेब अगदी उलटा आहे. सोन्याच्या फाळाने बोटभर जमीन नांगरून होणार नाही, आणि सोन्याच्या विळ्याने ज्वारीचे ताट कापले जाणार नाही. लोहाराच्या घरात परीस सापडला तर दुसऱ्या दिवशी गावाची पेरणी थांबेल! लोखंडाचे मोल ते लोखंड राहण्यात आहे, हे ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या घराची कथा सांगायला परिसाचा दृष्टांत पुरा पडत नाही.

आधुनिक काळात परिसाची जागा सामाजिक विचाराने घेतली. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. खेड्याचा व्यवहार इतक्या बारकाईने मांडणारे दुसरे पुस्तक मराठीत दाखविणे कठीण. बलुतेदारांच्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या ओळी, त्यांची कामे, खळ्यावरचा त्यांचा वाटा, हे सर्व त्यात आले आहे. लोहार थोरल्या ओळीचा मानकरी. कारण त्याच्यावाचून शेतकऱ्याचे पान हलत नाही. आत्रे यांची दृष्टी भावविवश नव्हती. पिढीजात वतनामुळे कसबाला उत्तेजन उरत नाही, कुणबी आणि कारू दोघेही एकमेकांना जखडले जातात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे; आणि त्यात तथ्य आहे. पण गावगाड्याच्या या चित्रात लोहार चाकाच्या आऱ्याप्रमाणे येतो. आरा किती भार पेलतो हे कळते, आऱ्याला काही वाटते की काय हा प्रश्न त्या पुस्तकाचा नव्हे.

तो प्रश्न विचारला गेला पुढे साठ-पासष्ट वर्षांनी. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि ज्या शब्दाभोवती आपण ग्रामीण सौहार्दाची झालर लावून ठेवली होती, त्याच्या पोटात किती अपमान साठला आहे हे वाचकांनी प्रथमच पाहिले. त्यानंतर बलुत्याविषयी लाडिकपणे लिहिणे कोणाही प्रामाणिक लेखकाला शक्य राहिले नाही. येथे एक विवेक मात्र बाळगला पाहिजे. लोहाराचे दुःख आणि महाराचे दुःख यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. लोहार गरीब असला तरी अस्पृश्य नव्हता, आणि त्याच्या साळेपुढेही कोणी कोठवर यावे हे जातीनेच ठरविलेले असे. लोहाराच्या घराची कथा जो कोणी लिहील त्याला ही गोष्टही लिहावी लागेल. ती वगळून केलेले चित्र गोड होईल, खरे होणार नाही.

मग त्या घरात असे आहे तरी काय, की ज्यासाठी एवढा आग्रह धरावा? तीनच गोष्टी सांगतो. त्यांपैकी प्रत्येकीत एका कादंबरीचे बीज आहे.

पहिली गोष्ट मृगाची. रोहिणी संपत येतात, वळवाचा एखादा सडाका पडून जातो आणि गावातला प्रत्येक शेतकरी फाळ, पास, खुरपी घेऊन लोहाराकडे धावतो. याला आज टोक काढून हवे, त्याला उद्या सकाळी. आता लोहाराचेही थोडे रान असते. वाफसा कोणासाठी थांबत नाही; तो जसा पाटलाच्या शेताला येतो तसा लोहाराच्या शेतालाही येतो. ज्या आठवड्यात स्वतःच्या रानात तिफण धरावयाची, नेमक्या त्याच आठवड्यात साळेपुढे गावाची रांग लागलेली असते. भट्टी विझवून रानात जावे तर बलुते तुटते, भट्टी पेटती ठेवावी तर पेर हुकते. रब्बीच्या ज्वारीच्या वेळी पुन्हा तोच पेच. मग घराचीच वाटणी होते: नवरा ऐरणीपाशी, आणि बायको दीर-पुतण्याला हाताशी धरून पेरणीला. गावाची पेरणी वेळेवर व्हावी म्हणून ज्याची स्वतःची पेरणी दरसाल उशिरा होते, अशा माणसाच्या मनात गावाविषयी काय काय साठत असेल? माया, अभिमान, की चरफड? बहुधा तिन्ही. हे तीन रंग एका पात्रात मिसळण्यासारखे आव्हान कादंबरीकाराला दुसरीकडे कोठे मिळणार?

दुसरी गोष्ट पाण्याची. विळा घडवून झाला म्हणजे त्याला पाणी द्यावे लागते. धार लाल तापवून पाण्यात बुडविली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून लोहार सगळेच पाते एकदम गार होऊ देत नाही. पाठीकडे राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. घासून उजळ केलेल्या धातूवर आधी पिवळट, मग तांबूस, मग जांभळी, मग निळी झाक धावते. नेमक्या हव्या त्या रंगाला पाते पुन्हा पाण्यात गेले पाहिजे. पळभर आधी गेले तर विळा तुटतो, पळभर उशीर झाला तर वाकतो. हे रंग उन्हात नीट दिसत नाहीत, म्हणून साळ नेहमी अंधारलेली. आपण ज्याला साळेची कळकट अवस्था म्हणतो तो अंधार म्हणजे तिथले मोजमापाचे यंत्र आहे! कुऱ्हाडीच्या तोंडाला तेवढे पोलाद बसवायचे आणि बाकीचे अंग साध्या लोखंडाचे ठेवायचे, ही काटकसरही तशीच. महाग वस्तू जेथे लागते तेथेच घालावी, हा धडा आम्हां लेखकांनीही घ्यावा असा आहे. पाणीदार, धारदार, बोथट, गंजलेले, ही विशेषणे समीक्षक रोज वापरतात. लोहाराच्या घरचे शब्द आपण उसने आणले आणि लोहाराला विसरलो.

तिसरी गोष्ट धावेची. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढविणे हे काम ज्यांनी पाहिले आहे ते विसरणार नाहीत. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाची. मग तिच्यावर गोवऱ्या रचून ती सगळीकडून सारखी लाल होईपर्यंत तापवावयाची. तापली की ती फुगते. तेवढ्या अवधीत चार-सहा गडी लांब सांडशींनी ती उचलून चाकावर बसवितात, घणाचे घाव पडतात, लाकूड धुमसू लागते, आणि बायका घागरींनी पाणी ओततात. धाव आवळते, आरे तुंब्यात करकचून बसतात, आणि एरवी खिळखिळे झालेले चाक एकजीव होते. सुताराचे लाकूड, लोहाराचे लोखंड, कुणब्याच्या गोवऱ्या, घराघरातले पाणी. बलुतेदारीत जे काही खरोखर चांगले होते ते या एका घटकेत दिसे. ती घटका संपली की प्रत्येकाची पायरी पुन्हा ठरलेली, हेही तितकेच खरे. टायरची गाडी आली आणि धाव चढविण्याचा हा प्रसंग गावातून गेला. धावेसाठी लाकूड आणि लोखंड एकत्र येत, टायरसाठी दुकानदाराची पावती पुरते.

या बदलाची सुरुवात मात्र टायरच्या बरीच आधी झाली होती, आणि तिच्यात आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाचा एक मजेदार धागा गुंतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल, अशी शंका शेतकऱ्यांनी प्रथम घेतली. पुढे तोच नांगर त्यांनी डोक्यावर घेतला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कारखान्यातून आलेल्या नांगराचा झिजलेला भाग काढून नवा बसविता येऊ लागला आणि गावच्या ऐरणीवरचे मोठे काम हलके झाले. आता गंमत पाहा. याच कारखान्याच्या वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही त्याची भावंडे. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ही मासिके वाचून शहाण्या झाल्या. ज्या लोखंडी नांगराने खेड्यातल्या ऐरणीचा आवाज मंद केला, त्यानेच मराठी वाचकाला मासिक दिले! यात कोणाचा अपराध नाही. नांगर चांगला होता आणि मासिकेही चांगली होती. परंतु आपली वाचनसंस्कृती कोणत्या लोखंडावर उभी राहिली याची जाणीव ठेवली, तर लोहाराच्या घराचे काही देणे लागतो असे वाटल्याशिवाय राहणार नाही.

ते देणे फेडण्याचा एक मनःपूर्वक प्रयत्न साहित्याने नव्हे, चित्रपटाने केला. १९६५ साली भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आला. खेड्यातले लोहार जोडपे शहराच्या आशेने कोल्हापुरास येते आणि फसवणुकीच्या फेऱ्यात सापडते, असे त्याचे कथासूत्र. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी ते जोडपे उभे केले. जगदीश खेबुडकरांचे शब्द, आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत आणि त्यांचाच स्वर, यांतून ‘ऐरणीच्या देवा’ हे गीत जन्मले. साठ वर्षे झाली, ते अजून महाराष्ट्राच्या ओठांवर आहे. लोहाराच्या बायकोला आवाज मिळाला तो या गाण्यात. फुले न वाहता ठिणग्या वाहणारी ही पूजा म्हणजे एका कष्टकरी घराचा स्वतःचा धर्म आहे, आणि त्या कल्पनेला मोठ्या कवितेचे तेज आहे. लोखंडाचे सोने व्हावे असे तिला वाटत नाही, ही तर परिसाच्या दृष्टांतापेक्षा एक पायरी पुढची गोष्ट झाली.

तरीही या गाण्याच्या गोडव्यापाशी थोडे थबकणे अवश्य आहे. त्यात गरिबी अलंकारासारखी अंगावर मिरविली जाते. पडद्यावर ते शोभते; ऐकताना आपले डोळे ओलावतात, आणि ओलावलेल्या डोळ्यांना फारसे दिसत नाही. गरिबीचा दागिना हा कौतुक करणाऱ्याला दिसतो, घालणाऱ्याला टोचतो. सुगीत खळ्यावर किती पायल्या मिळाल्या, कोळशाला किती गेले, मुलाच्या शाळेला काय उरले, हे त्या घरातले रोजचे बोलणे गाण्याला पेलणारे नव्हते, आणि पेलावे अशी अपेक्षाही नाही. ते काम गद्याचे. गाण्याने दार उघडून दिले. कादंबरीने आत जावयास हवे होते.

आत जाणे म्हणजे काय, याचा एक नमुना परक्या साहित्यातून घेता येईल. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६१ साली पुरी झाली. तिच्यातला जो गार्गरी हा खेड्यातला लोहार. त्याची भट्टी घराला लागूनच आहे, आणि पिप नावाचा पोरका मुलगा त्या उबेत वाढतो. पुढे पिपला अचानक पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन सभ्य गृहस्थ होतो आणि त्याला त्या भट्टीची लाज वाटू लागते. जो त्याला भेटायला येतो तेव्हा दोघांनाही एकमेकांसमोर कसे बसावे ते कळत नाही. डिकन्सने लोहाराची थोरवी सांगितली नाही. लोहाराची लाज वाटणाऱ्या मुलाचे मन उघडे केले, आणि त्या मनाच्या उजेडात लोहार आपोआप मोठा झाला. आपल्याकडे शिकून शहरात गेलेले आणि जन्मगावच्या साळेविषयी गप्प राहिलेले पिप किती असतील! ती गप्प राहण्याची जागा हीच कादंबरीची जागा असते.

परक्या साहित्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९७१ साली रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठवाड्यातल्या खेड्यात एक शिंपी, गावातल्या बड्या घराची त्याच्यावर होणारी खप्पा मर्जी, आणि त्यातून होणारी एका संसाराची वाताहत. आणि ही सगळी कथा सांगते ती त्या शिंप्याची बायको, आपल्या मराठवाडी बोलीत. बोराड्यांनी कारागिराचे कौतुक केले नाही, त्याला व्यवस्थेचे उदाहरणही केले नाही. त्यांनी त्याच्या बायकोला बोलू दिले. शिवणयंत्राचा तो संसार वाचताना जे उमगते ते हेच, की खेड्यातल्या कारागिराची स्वतंत्रता किती नाजूक धाग्यावर लोंबकळत असते. सर्वांचे काम करणाऱ्याला सर्वांना खूष ठेवावे लागते, आणि एक जरी रुसला तरी घर बसते. शिंप्याच्या घराला जे मिळाले ते लोहाराच्या घराला मिळालेले माझ्या वाचनात नाही.

आणि विलंब करण्याजोगा काळ आता राहिलेला नाही. १९७२च्या दुष्काळात या भागातली माणसे रानातून उठून खडी फोडायला गेली. जेथे दगड फुटतो तेथे पहारींची आणि टिकावांची टोके रोज बोथटतात. शेत ओसाड आणि भट्टी धगधगती, असा उलटा काळ त्या घरांनी पाहिला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्याबरोबर लोहारा-उमरग्याकडची गावेही भुईसपाट केली. सास्तूरसारखी गावे नव्या जागी नव्याने वसली. नव्या गावठाणांत सरळ रस्ते आणि आखीव चौकोन आले. पण जुन्या गावात साळ वेशीपाशी, झाडाच्या सावलीत, येत्या-जात्या गाडीच्या नजरेत का असे, हे आखणीच्या कागदाला कसे कळावे? आता शेत ट्रॅक्टरने नांगरले जाते, ज्वारीच्या रानात सोयाबीन डोलते, आणि साळेच्या जागी लोखंडी दारे-खिडक्या जोडणारे वेल्डिंगचे दुकान दिसते. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून विळे-कुऱ्हाडी घडविणारे हात अजून आहेत. घिसाडी कुटुंबे अजून बाजारगावच्या रस्त्याकडेला पाल ठोकतात, आणि तेथे नवरा सांडशीने लोखंड धरतो तेव्हा बायको उभी राहून घण घालते. त्यांच्या नावाने आपण ‘घिसाडघाई’ हा शब्द रूढ केला आहे. वाटेवर, उघड्यावर, गिऱ्हाईक उभे असताना जे काम उरकावे लागते त्याला घाई असणारच. त्या घाईतही विळ्याचे पाणी चुकत नाही, याला आपल्या भाषेने शब्द दिलेला नाही.

पुन्हा तेच जुने दिवस यावेत असे कोणी म्हणणार नाही. लोहाराचा मुलगा शाळेत शिकला आणि बलुत्याच्या दाण्यातून सुटला, ही चांगलीच गोष्ट झाली. वेल्डिंगचे दुकान हेही त्या घराचेच पुढचे पाऊल आहे, आणि तेथला हिशेब रोख असतो. माझे म्हणणे एवढेच, की जो मुलगा शिकला त्याच्याच हाती आता लेखणी आहे. मृगाच्या आठवड्यात आईने एकटीने केलेली पेरणी त्याला ठाऊक आहे. कोणत्या जांभळ्या रंगाला बापाने विळा पाण्यात घातला ते त्याने अंधारात उभे राहून पाहिलेले आहे. कोणते गिऱ्हाईक ओट्यावर बसे आणि कोणाला रस्त्यावर उभे राहावे लागे, हेही त्याच्या लक्षात असेल. या गोष्टी बाहेरच्या लेखकाला कितीही सहानुभूती असली तरी सापडणार नाहीत. त्याने त्या लिहाव्यात. आणि लिहिताना कोणी त्याला ‘आता याचे सोने करा’ असे म्हटले तर ऐकू नये.

वाचकांकडूनही एक अपेक्षा आहे. असे लेखन येईल तेव्हा ते कदाचित गुळगुळीत नसेल. त्यात अनोळखी शब्द असतील, हिशेब असतील, ठिणग्यांपेक्षा कोळशाची राख अधिक असेल. त्या वेळी ते रूक्ष म्हणून बाजूला सारू नये. तोवर या दिवाळीत घरातली जुनी विळी माळ्यावरून काढून तिचे पाते एकदा निरखून पाहावे. वापरून वापरून ते अरुंद झालेले असेल, पण त्याची धार मात्र शाबूत असेल. कोणी केली असेल ती, असा प्रश्न मुलांनी विचारला आणि घरातल्या वडीलमाणसांना एखाद्या गावाचे, एखाद्या साळेचे, एखाद्या माणसाचे नाव आठवले, तर ते लिहून ठेवावे.